रांग तुटू द्यायची नाही

सुखदाने बर्फ तपासायला खणलेल्या खड्ड्यातल्या बर्फाच्या खांबावर फावडं ठेवलं आणि वरून हाताने थापटलं, अगदी हलकेच. वरचा जाड थर वडीसारखा सुटला आणि घसरत तिच्या गुडघ्यांवर आला. खाली भरड साखरेसारखे मोकळे कण उघडे पडले.

"बघितलंस?" ती यतिनला म्हणाली. "वादळाने पलीकडचा सगळा बर्फ उचलून या अंगाला आणून टाकलाय, आणि त्याला खालून धरायला काही नाही. हा उतार आज माणसाचा भार सोसायचा नाही."

यतिन तिचा नवरा, आणि ऑस्ट्रेलियातल्या पॉइंट कुक उपनगरातल्या मराठी ट्रेकर मंडळींचा म्होरक्या. पुण्यात असताना त्याने किल्ले पालथे घातलेले. दर हिवाळ्यात ही मंडळी ब्राइट गावाच्या पुढे गाड्या लावून डोंगर चढायची, माथ्यावर नारळ फोडायची आणि गड जिंकल्यासारखी आरोळी ठोकायची. सुखदाने बर्फ कोसळण्याचा धोका ओळखायचा कोर्स केला, तेव्हापासून सगळे तिला 'हवामान खातं' म्हणत.

"वहिनी, ऑस्ट्रेलिया आहे हा, हिमालय नाही," अजित म्हणाला. "इथे कांगारूला शिंक आली तरी धोक्याची पाटी लावतात."

सगळे हसले. यतिनही हसला, आणि तेच तिला लागलं.

"मग निदान एकेकाने जा. एक पलीकडे पोचला की दुसरा. कोसळलंच तर उकरायला बाकीचे उरतील."

"आपला नियम काय?" यतिन म्हणाला. "रांग तुटू द्यायची नाही. मागे पडला तो हरवला. सह्याद्रीने शिकवलंय ते, तुझ्या वीकेंडच्या कोर्सने नाही."

"मग मी येत नाही."

"नको येऊस."

नियम तिच्यापुरता तुटला, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वाकड्या निलगिरीच्या झाडांखाली ती फावडं हातात धरून उभी राहिली. कोण कुठे चाललंय ते तिने मनात घोकून ठेवलं, उद्या शोधायची वेळ आली तर. नजर मात्र यतिनच्या केशरी टोपीवरून हलेना. उतार गप्प राहिला. पलीकडून आरोळी आली. मंडळी त्याच पावलांवरून परत आली आणि अजितने तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "घ्या हवामान खातं, प्रसाद. अंदाज चुकला तुमचा."

तेवढ्यात खालून एक मुलगा आणि एक मुलगी वर आली, पाठीवर स्की बांधलेल्या. पलीकडे कसं आहे, म्हणून त्यांनी विचारलं.

"नो वरीज, मेट," यतिन म्हणाला. "रॉक सॉलिड."

सुखदा पुढे झाली. तिने त्यांना खड्डा दाखवला, सुटलेला थर दाखवला, जाऊ नका म्हणून सांगितलं. आणि जाणारच असाल तर अंतर ठेवा, म्हणाली. मुलगी वाकून कण बोटांनी चाचपत राहिली. मुलाने उताराकडे हात केला. एवढी माणसं जाऊन आलीत की, तो म्हणाला.

"बायको जरा घाबरट आहे," यतिनने हसून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. उतार कोसळला होता. मुलगा पुढे होता, तो गेला. मुलगी अंतर ठेवून मागे थांबली होती, ती वाचली. तिनेच त्याला उकरून काढलं, पण फार उशीर झाला होता.

सुखदा स्वयंपाकघरात फोन धरून उभी राहिली. ग्रुपवर यतिनचा मेसेज येऊन पडला होता: 'वाईट झालं. एकमेकांना सोडून चाललं की असं होतं. आपण रांग सोडली नाही, म्हणून सुखरूप आलो.' खाली जोडलेल्या हातांची रीघ लागली होती. पहिले हात अजितचे.

"सुखदा," यतिनने हॉलमधून हाक मारली, "तू ग्रुपवर काही लिहू नकोस हं. उगाच लोकांची मनं दुखावतील. आणि चहा टाक."

तिने आधण ठेवलं नाही. ती फोनकडेच बघत राहिली. ग्रुपचा फोटो त्याने डोंगरावरून उतरतानाच बदलला होता: पांढऱ्या उतारावरून सरळ पलीकडे गेलेली पावलं, एकाला एक लागून.