पेटीची दारं

गल्लीतल्या तीस घरांतून मारियामातेची पेटी फिरायची. महिन्यातला एकेक दिवस एकेका घरी. हातभर उंचीची लाकडी पेटी, तिला दोन छोटी दारं, आत प्लास्टरची माता. नियम एकच: पेटी घरात असेपर्यंत दारं उघडी ठेवायची. पाहुणीला कुणी कोंडून ठेवतं का?

सोइलाने पेटी घेतली ती केवळ लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून. तिचा विश्वास दोन वर्षांपूर्वीच उडाला होता. सासूला, ओब्दुलियाला, झटका आला आणि उजवं अंग आणि वाचा गेली, तेव्हा सोइलाने सात आठवडे मेणबत्त्या लावल्या, गुडघे सोलवटून घेतले. म्हातारी होती तशीच राहिली. मग तिने पाद्रीबाबांना तोंडावर सांगितलं, तुमची माता म्हणजे प्लास्टर आणि रंग, बाकी काही नाही. गल्ली महिनाभर तेच चघळत होती. नवरा एफ्राइन दूर किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांवर कामाला. नाताळला यायचा, आईच्या उशाशी बसून रडायचा आणि जायचा. निस्तरायचं सगळं सोइलाने.

पेटी घेऊन आलेली शेजारची तार्सिलाकाकू म्हणाली, "तू प्रार्थना नाही केलीस तरी चालेल गं. दारं तेवढी उघडी ठेव, तिचं ती बघून घेईल."

काकूने पेटी म्हातारीच्या खाटेसमोर संदुकीवर ठेवली आणि पुढ्यात मेणबत्ती लावली. दुपारी सोइलाने बार्लीची पेज केली. बाहेर तिने विकायला म्हणून अर्धी विणलेली गवती टोपी सुकत चालली होती. सुकली की काड्या तुटतात, मग सगळी मेहनत वाया. आणि म्हातारीने नेहमीसारखे दात घट्ट मिटलेले. त्यावर सोइलाचा एक उपाय होता. नाक चिमटीत धरायचं, श्वासासाठी तोंड उघडलं की चमचा आत. म्हातारी गुदमरायची, डोळ्यांतून पाणी यायचं, पण वाटी संपायची.

त्या दुपारी सोइला चमचा घेऊन उठली, पेटीची दारं लावली, कडी घातली, परत येऊन सासूचं नाक धरलं. आणि हात तिथेच थांबला.

दारं का लावली आपण? माशा, तिने मनाची समजूत घातली. पण माशा तर सकाळपासून होत्या. प्लास्टरपासून कुणी काही लपवतं का? पाठीमागे कुणी उभं असलं की न वळताही कळतं, तसं तिला कळलं. घरात कुणीतरी होतं. चर्चमध्ये इतक्या मिस्सा झाल्या, इतक्या मिरवणुका झाल्या, पण देव आहे हे तिला कळलं ते आत्ता, सासूचं नाक चिमटीत असताना. आनंद वगैरे काही झाला नाही. कान तापले, धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मग तिने खाली पाहिलं. ओब्दुलिया टक लावून तिच्याकडेच बघत होती. कडी घालतानाही तिने पाहिलं होतं. दोन वर्षं ते डोळे हे सगळं बघत होते, आणि त्यांच्यापासून काही लपवावं असं सोइलाला एकदाही वाटलं नव्हतं. प्लास्टरच्या डोळ्यांची लाज वाटली, या डोळ्यांची नाही.

तिने उठून कडी काढली. त्या दिवशी वाटी तशीच राहिली, टोपीही सुकून गेली.

दुसऱ्या दिवशी तार्सिलाकाकू पेटी न्यायला आली. दारं उघडी होती ना, असं तिने सहज विचारलं.

"नाही," सोइला म्हणाली. "आईंना भरवताना लावली होती."

काकूने एकदा खाटेकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. भिंतीपलीकडे सगळं ऐकू जात असणार, हे सोइलाला तेव्हा कळलं.

दुपारी संदुकीवर नुसता मेणाचा डाग होता. म्हातारीने दात मिटले. सवयीने सोइलाचा हात नाकाकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. लाज कालच्याइतकीच होती. पेटी गेली तरी ती गेली नव्हती.

"आई, चुकले मी," ती म्हणाली.

ओब्दुलियाने तोंड उघडलं नाही. पेज गार होत गेली, आणि सोइला चमचा धरून बसून राहिली.