धर्माच्या रकान्यातली रेघ

मित्रांनो, माझ्या अवताराला हसू नका. मी एक जुना, घड्यांवर फाटत आलेला ओळखपत्राचा कागद आहे. इजिप्तमधल्या मन्सूरा शहरात, एका सरकारी खिडकीत मी जन्मलो. माझे मालक लबीब, घड्याळं दुरुस्त करणारे, धर्माने बहाई. सरकारच्या यादीत मात्र धर्म तीनच: इस्लाम, ख्रिस्ती आणि यहुदी. तेव्हाच्या कारकुनाने जरा डोकं खाजवलं आणि धर्माच्या रकान्यात सरळ एक आडवी रेघ मारून दिली. त्या रेघेवर आमची तीस वर्षं सुखात गेली. दवाखाना असो की पोलीस चौकी, मी खिशातून ऐटीत बाहेर यायचो!

मग संगणक आला आणि त्याला रेघ चालेना. नेमकी तेव्हाच लबीबांची मुलगी रूहिया सोळा वर्षांची झाली. नवं ओळखपत्र नाही तर कॉलेज नाही.

"तिन्हीतलं काहीही लिही गं पोरी," खिडकीतले शुक्रीसाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "मनात काय आहे ते कोण बघायला येतंय?"

"अहो काका, पहिल्याच सरकारी कागदावर खोटं लिहू?"

"मग बस घरी!"

बहाई माणसांत आपला धर्म नाकारायचा नाही, असा दंडक आहे. तरी बापाचं काळीज! वाटेत लबीब हळूच म्हणाले, "पोरी, तुझं वर्ष वाया जाईल गं."

"बाबा, तुम्ही लिहिलं असतं?"

लबीबांनी तिला दुकानात आपल्या शेजारी स्टूल मांडून दिलं. रूहिया चार वर्षं दुकानात घड्याळं उघडत बसली. तिकडे मैत्रिणी पदवीपर्यंत पोचल्या. मला फार वाईट वाटायचं. माझ्याजवळची रेघ मला तिला देता येत नव्हती.

शेवटी बहाई लोकांनी लावलेल्या दाव्यात कोर्टाने निकाल दिला, रेघ चालेल. 'बहाई' हा शब्द अजूनही नाहीच, पण खोटं लिहायची सक्तीही नाही. रूहियाला कार्ड मिळालं. कॉलेजच्या फाटकाशी रखवालदाराने ते हातात घेतलं, तेव्हा लबीबांनी खिशात मला घट्ट धरलं होतं. त्याने फोटो पाहिला, तिचं तोंड पाहिलं.

"चल गं बाई, पुढे हो! रांग खोळंबलीय."

धर्माच्या रकान्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ती आत गेली आणि लबीब तिथेच, भर रस्त्यात, रडले.

उद्या लबीबांनाही नवं कार्ड मिळेल आणि मला जमा करून घेतील. खुशाल घ्या, माझं काम झालं! तुमच्याकडे एकच मागणं आहे, मित्रांनो. उद्या तुम्हीही कुठल्यातरी खिडकीत बसाल. तेव्हा समोरच्याचा रकाना त्याला विचारून भरा.