दिलासा कुणाला?

आल्सीडचा श्वास विजेवर चालतो, हे लुईझियानातल्या त्या गावात कुणाला सांगायला नको. मागच्या वादळात तारा पडल्या आणि वीज कंपनी आधी दुकानांचे दिवे लावत बसली. तेव्हा त्याची बायको ओझीट राज्याच्या वीज आयोगाशी फोनवर भांडली. आयोगानं कंपनीला दरडावलं, ज्या घरात श्वासाचं यंत्र, तिथली तार आधी जोडा. नवरा वाचला.

आता त्याच आयोगाबद्दल मतदान होतं, आणि गावभर कंपनीच्या पाट्या लागल्या होत्या : ‘दिलासा द्या. होय म्हणा.’ त्या पाट्या लावत फिरणारा ओझीटचा जावई कर्ली, कंपनीतला कारकून, चर्चच्या सभागृहात गम्बो या तिथल्या दाट रश्शाच्या रांगेत पत्रकं वाटत होता. पातेल्यापाशी ओगराळं घेऊन सासू उभी होती.

“जावईबापू, भात घ्या आणि मतपत्रिकेवरचं वाक्य वाचा. मला अक्षरं कळतात, वकिली भाषा कळत नाही.”

कर्लीनं वाचलं, “कंपन्यांना आदेश देण्याच्या जबाबदारीतून आयोगास दिलासा द्यावा काय?”

“म्हणजे दिलासा आयोगाला. त्यानं मागितला होता?”

रांगेत कुणीतरी हसलं.

“आई, ते तांत्रिक आहे.”

“तांत्रिक कसलं डोंबलाचं. पुन्हा तार पडली तर मी फोन कुणाला करू?”

“कंपनीला. आम्ही आहोत ना.”

“तुमचा फोन गाणी ऐकवतो. ह्यांचा श्वास गाण्यावर चालत नाही.”

मागून शेजारीण म्हणाली, “मावशी, आम्हाला वाटलं, दिलासा म्हणजे बिल कमी होणार.”

“तसं वाटावं म्हणूनच तो शब्द हुडकलाय. होय म्हणालात की आयोगाचं तोंड बांधलंत.”

भिंतीशी बसलेला आल्सीड नळी सावरत हळूच म्हणाला, “अगं, मी तर टपालानं मत पाठवलंसुद्धा. होय केलं. पाकीट कर्लीनंच आणून दिलं. दिलासा म्हणाला, मला वाटलं, बरंच आहे की.”

ओझीटनं जावयाकडे पाहिलं. तो वाटीतल्या भाताकडे पाहत होता.

“ह्यांचा गळा ह्यांच्याच हातानं आवळायला लावलास,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. टपालात गेलेलं मत आता परत येणार नव्हतं. तिनं कर्लीच्या हातातली पत्रकं काढून चुलीत सारली आणि ओगराळं त्याच्या हातात कोंबलं.

“वाढ. आणि एकेकाला सांग, होय म्हणजे काय.”

“माझी नोकरी जाईल, आई.”

“ह्यांचं काय जाईल?”

कर्लीनं शेजारणीच्या वाटीत गम्बो ओतला. “होय म्हणजे,” तो पुटपुटला, “आयोगाला कंपनीला कसलाही आदेश देता येणार नाही.”

“मोठ्यानं,” ओझीट म्हणाली. “शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.”