सीडी नंबर दोन

बेल वाजली आणि सुरेशच्या हातातला रिमोट निसटून सोफ्याखाली गेला.

टीव्हीवरच्या पिक्चरमध्ये तो जर्मन बेकरीवाला शाळेच्या फाटकाशी उभा होता, फडक्यात बांधलेला पाव छातीशी धरून. आणि त्याचाच पोरगा, पितळी बटणांचा कोट घालून, शाळेच्या साहेबासमोर ताठ उभा राहून सांगत होता की या माणसाला मी ओळखत नाही. इकडे बेलवर बेल. सुरेश पालथा पडून सोफ्याखाली चाचपडतोय, रिमोट काही मिळेना, शेवटी त्याने प्लेअरची पिनच उपटली. दार उघडलं तर सिद्धांत, खाली क्रिकेट खेळून घामाघूम, बूट न काढताच आत.

"बाबा, वॉज दॅट द सेकंड सीडी?"

"छे रे, न्यूज बघत होतो. ती सीडी खराब निघाली. स्क्रॅच आहे. खलास."

बारा वर्षांचं पोर ते. टीव्हीकडे बघितलं, लोंबणाऱ्या वायरकडे बघितलं, आणि पाणी प्यायला गेलं.

आता हे सगळं कुठून सुरू झालं, तर दोन हजार नऊचा मार्च. सुरेश दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर होता. टॉवरला सळई किती लागेल, सिमेंट किती लागेल, हे सांगायचं काम. पण मंदी आली आणि टॉवरच बंद पडले! क्रेन जिथल्या तिथे, मान वाकडी करून उभ्या. एका गुरुवारी कंपनीने निम्मा स्टाफ काढला, त्यात हाही गेला. मग महिनाभर वणवण करून दुबईबाहेर, उम्म अल कुवैनला सिमेंट ब्लॉकच्या फॅक्टरीत स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. त्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळत नाही, आणि राहायला कंपनीची रूम, बंकबेडवाली.

म्हणजे दुबईतला, अल मनखूलचा फ्लॅट सोडायचा. अनुराधा चिंचवडला भावाकडे जाणार, त्याच्या हॉलमध्ये गादी टाकून. आणि सिद्धांतसाठी त्याच भावाने नाशिककडची एक निवासी शाळा शोधलेली. माहितीपत्रकावर मोठा घोडा.

"आय अ‍ॅम नॉट गोइंग," सिद्धांत म्हणाला, आणि जेवणच सोडलं त्याने. अनुराधाने सुरेशला साफ सांगून टाकलं, "रडत ओढत नेणार नाही मी त्याला. तो आपणहून हो म्हणाला तर ठीक, नाहीतर तिघंही परत जाऊ." तिघं परत जाऊन खायचं काय, हे तीही बोलली नाही आणि सुरेशही बोलला नाही.

म्हणून सुरेश बिल्डिंगखालच्या सीडीवाल्या जमालकडे गेला. म्हणाला, बोर्डिंग स्कूलवर काही आहे का, पोराला जरा जोश येईल असं. जमाल कासरगोडचा, दुकानातलं अर्धं स्वतः न बघितलेलं. त्याने मागच्या फळीवरून दोन सीड्यांचं एक पिक्चर काढलं. कव्हरवर घोड्यांवर बसलेली पोरं. "फर्स्ट क्लास है, सुरेशभाई. बच्चा लोग, घोडा, डिसिप्लिन. पाँच दिरहॅम." सत्तर रुपये, सुरेश सवयीने पुटपुटला आणि घेऊन आला.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर तिघंही बसले. पाच मिनिटांत त्या वाकड्या क्रॉसचा झेंडा फडकला. अरे, हे तर हिटलरचं! त्याच्या राजवटीतल्या त्या खास शाळा, पोरं निवडून नेऊन पुढारी घडवायच्या. सुरेश उठून बंद करणार होता, खरंच, पण सिद्धांतकडे लक्ष गेलं. पोरगा पुढे सरकून बसलेला. बेकरीवाल्याच्या गरीब पोराला नवा कोट मिळाला, स्वतःचा पलंग मिळाला, घोडा मिळाला, मित्र मिळाले. तळ्यात होड्या, हातात मशाली, सगळ्या पोरांचं एका सुरात गाणं. तिथे पहिली सीडी संपली.

"माझ्या स्कूलमध्ये पण हॉर्सेस आहेत?" असं काहीतरी इंग्लिशमध्ये विचारलं त्याने. सुरेश म्हणाला, आहेत की.

"ओके. आय विल गो."

अनुराधा पाणी आणायला म्हणून किचनमध्ये गेली ती तिथेच स्टुलावर बसली. दुसरी सीडी उद्या बघू म्हणाले. आणि शनिवारी घरात कोणी नसताना सुरेशने ती एकट्याने लावली. बापाला न ओळखणारा पोरगा त्याने पाहिला, फाटकाबाहेर तसाच ठेवून दिलेला पाव पाहिला. बेल वाजली ती तेव्हा.

संध्याकाळी सिद्धांतने विचारलं, "सो ही बिकम्स कॅप्टन इन द एन्ड, राइट?"

"हो. कॅप्टनच होतो," सुरेश म्हणाला.

नाशिकची शाळा काही तसली नव्हती हो. साधी शाळा, वरण-भात, सकाळची पीटी. हे सुरेशलाही कळत होतं. पण घोडा दाखवला आणि पाव लपवला, हेही कळत होतं. आणि त्यात सिद्धांतने घरात परेड सुरू केली. किचनमधून हॉल, हॉलमधून बाल्कनी, लेफ्ट-राइट, टाचा आपटत. शेजारच्या लतिकाकाकू त्याला कर्नल म्हणायला लागल्या. अनुराधा किती दिवसांनी हसली, म्हणाली, "काय जादू केलीस रे तू?" सुरेश रोज ठरवायचा, आज सांगू. पण सांगितलं आणि पोरगा नाही म्हणाला तर?

गुरुवारी सुरेशची गादी ठेवायला तिघं उम्म अल कुवैनला गेले. रूममध्ये दोरीवर लुंग्या वाळत होत्या, दाराजवळचा खालचा बंक सुरेशचा. सिद्धांतने एकदा सगळी रूम बघून घेतली. घरी आल्यावर परत लेफ्ट-राइट.

आणि मग तो दिवस. एअरपोर्टवर बॅग जड भरली, अनुराधा काउंटरवर कुकर काढू की लोणचं काढू करत बसली. सुरेशने सिद्धांतला खांबाआड नेलं. दुसरी सीडी त्याच्या शर्टाच्या खिशात होती, घरी ठेवून यायचा धीरच झाला नव्हता.

"सिद्धू, ती सीडी खराब नव्हती. मी खोटं बोललो. तो कॅप्टन वगैरे होत नाही. तो त्याच्या बाबाला..."

"आय नो."

"काय नो?"

"इट्स ऑन द इंटरनेट, बाबा. होल स्टोरी. फ्रायडेलाच वाचली."

सुरेशने मनात हिशेब लावला. शुक्रवारी वाचली, आणि विचारलं शनिवारी. "मग मला कशाला विचारलंस, कॅप्टन होतो का म्हणून?"

सिद्धांत बुटाच्या टोकाने फरशी घासत राहिला. "जस्ट. टू सी, यू विल टेल ऑर नॉट."

काउंटरवरून अनुराधाचा आवाज येत होता, लोणचं नाही हो, लोणचं राहू द्या. सुरेश पोरासमोर गुडघ्यांवर बसला. "मग नाही म्हणायचंस ना रे. अजून म्हण. आत्ता. मी बॅगा परत घेतो."

सिद्धांतने नाही म्हणून मान हलवली. आणि या वेळी मराठीत म्हणाला, सावकाश, शब्द लावत, "तुझ्या रूममध्ये जागा नाहीये, बाबा. मामाकडे पण नाहीये."

सुरेशने त्याचे दोन्ही दंड धरले. तेवढ्यात अनुराधा कुकर हातात घेऊन आलीच. तिने कुकर सुरेशकडे दिला आणि दोघांकडे आळीपाळीने बघितलं, डोळे भरायलाच आले होते तिचे. म्हणाली, "काय झालं?"

"नथिंग," सिद्धांत म्हणाला. सॅक पाठीवर टाकली, छाती काढली, टाच आपटली. आणि निघाला की तिच्या पुढे, लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट, हात खांद्यापर्यंत उडवत. पासपोर्टच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. अनुराधाला हसू फुटलं, डोळे पुसत पुसत ती म्हणाली, "अरे कर्नल, हळू," आणि मागोमाग निघाली.

सुरेश कुकर पोटाशी धरून उभा होता. काचेपलीकडे वळताना सिद्धांतचं पाऊल चुकलं. क्षणभर थांबला, पाय बदलला, आणि परत लेफ्ट-राइट सुरू केलं.