सुकलाल म्हणवणारी पोर

उषाबाईचा नवरा सुकलाल वारला त्याला पाच वर्षं होत आली होती. एका दुपारी गोडादऱ्याची धनश्री आपल्या तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन उषाबाईच्या दारात उभी राहिली. सुरतेच्या डिंडोली भागात सुकलालचं घर कुठलं, असं विचारत ती गल्लीभर फिरली होती. पोरीने म्हणे एकच धोशा लावला होता, मी सुकलाल आहे, माझं घर डिंडोलीत, मला घरी न्या.

उषाबाईने दोघींना आत घेतलं खरं, पण तिची नजर धनश्रीवरून हलेना. तरुण, देखणी बाई. हिचा आपल्या नवऱ्याशी संबंध काय?

तेवढ्यात पोर खाटेवर चढून बसली आणि म्हणाली, "उशी, शिट्टी वाजव ना."

उषाबाईने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. उशी म्हणून तिला जगात एकच माणूस हाक मारायचा, तीही दार लावल्यावर. आणि ती शिट्टी वाजवते हे तर सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नव्हतं.

मागोमाग आत आलेल्या शेजारच्या कलाबाईने पोरीच्या पायांवर डोकं ठेवलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, सुकलालचा जीव परत आला. कुणी नारळ आणला, कुणी पोरीपुढे पेढा ठेवला. उषाबाईने तेवढा नमस्कार केला नाही. माणूस पुन्हा जन्माला येतो हे तीही मानायची. पण तो नेमका याच बाईच्या पोटी का यावा? दाराआडचं नाव बाहेर जातं ते दुसऱ्या दाराआड, असं तिला वाटलं. सुकलाल रविवारी मशीन दुरुस्तीला म्हणून जायचा. खरंच जायचा का? ज्याच्यासाठी आपण रंगीत लुगडं सोडलं, लग्नकार्यं सोडली, हसणंसुद्धा सोडलं, तो तरी आपला होता का? संशयाचा किडा एकदा शिरला की पोखरतच जातो. चार दिवस तिने कसेबसे काढले.

मग कुणाला न सांगता ती रिक्षात बसली आणि गोडादऱ्याला गेली.

धनश्री साडीवर खडे चिकटवत बसली होती. खाटेवर तिचा सासरा धुडकू पडला होता, अर्धं अंग लुळं. उषाबाईने चहाला नको म्हटलं आणि उभ्यानेच विचारलं, "माझा नवरा या घरात येत होता का?"

धनश्रीला काही कळेना. धुडकूला कळलं. वाकड्या तोंडाने, थांबत थांबत त्याने सांगितलं, की ही सून घरात आली तेव्हा सुकलाल जाऊन वर्ष होत आलं होतं. तो स्वतः लिंबायतच्या कापड कारखान्यात सुकलालच्या शेजारच्या मागावर होता. जेवणाच्या सुट्टीत सुकलालला एकच विषय, बायको. उशी असं म्हणाली, उशी कशी शिट्टी वाजवते, पण बाहेर बोलू नको. सुकलाल गेला त्याच महिन्यात धुडकूला लकवा मारला, म्हणून तो दशक्रियेलाही येऊ शकला नाही. आता दिवसभर नात सांभाळायची, तर तिला गोष्टी कुणाच्या सांगणार?

"म्हणजे तुम्हीच शिकवलंत," उषाबाई म्हणाली.

"गोष्टी मी सांगितल्या. मी सुकलाल आहे, हे तिचं तीच बोलली. मला वाटतं तोच आलाय. तुम्हाला पटत नसेल, तर नसो." त्याने मान तिच्याकडे वळवली. "पण वहिनी, तो सांगायचा ती उशी मला तुमच्यात दिसत नाही. मेला तो. तुम्ही कशाला मेलात?"

उषाबाई परत आली. मनातला काटा लगेच निघाला नाही. पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली, खरंखोटं पारखायला. त्याच्या पुढच्याही गेली. पारखता पारखता धनश्रीबरोबर खडे चिकटवू लागली, पोरीची वेणी घालू लागली. धुडकूच्या तोंडून सुकलालचे किस्से ऐकताना एकदा तिला इतकं हसू आलं, की पदर तोंडात कोंबावा लागला.

पोर बालवाडीत जायला लागली आणि सगळं विसरली. उषाबाईने एकदा मुद्दाम विचारलं, "मी कोण गं?" पोर म्हणाली, "उषाआजी," आणि खेळायला पळाली. उषाबाई तिच्या उडत्या वेणीकडे बघत राहिली. मग वाटलं, खरंच तोच असेल, तर नव्या जन्मात रमला. बरंच झालं.

दिवाळीनंतर ती कलाबाईबरोबर डुमसला समुद्र बघायला गेली. इतकी वर्षं सुरतेत काढून कधी गेली नव्हती. टोमॅटोची भजी खाताना कलाबाईने हळूच विचारलं, ती पोर खरंच सुकलाल होती का.

"असेल, नसेल," उषाबाई म्हणाली, आणि तिने आणखी एक प्लेट मागवली.