तबकडीवरचं आठवं गाणं

शालिग्रामनं वहीतली ओळ पेन्सिलीनं खोडली, वर दुसरी लिहिली आणि वही इंद्रभानच्या पेटीवर ठेवली.

"ही म्हणायची. बाकीची सात गाणी जशीच्या तशी घेतलीत, हे विसरू नका."

चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा. बाहेरचा गलबला आत येऊ नये म्हणून रिसोडच्या हरिसिंगनं आपल्या फोटो स्टुडिओच्या भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा शालिग्राम रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन नागपूरहून आला होता. किन्हीराजा गावच्या पंचशील गायन पार्टीची ही पहिली तबकडी. पेटीवर इंद्रभान, ढोलकीवर गोविंदा, भोंग्याला जोडलेल्या बेंजोवर जगदेव. गाणारी इंद्रभानची थोरली बहीण, वच्छला. गाणीही तिनंच रचलेली.

वच्छलानं वही उचलून मोठ्यानं वाचलं.

"'हातातून सुटून माही घागर फुटली.'" तिनं वही मिटली. "मी लिवलं, पाटलाच्या हिरीवर माही घागर फोडली. सुटली नाई ते."

"बाई, एकच ओळ तं हाय," इंद्रभान म्हणाला. "मी साहेबाले हो म्हनलं."

"तू हो म्हनलं?"

इंद्रभाननं पेटीचा भाता उगाच ओढून पाहिला. त्या दिवशी विहिरीवर तोही होता, सतरा वर्षांचा. दगड येऊन घागरीवर बसला, तुकडे पायाशी पडले, तेव्हा तो बहिणीच्या मागं उभा होता. त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

"दुकानदार असली तबकडी ठेवणार नाहीत," शालिग्राम म्हणाला. "आणि सात गाण्यांवर कंपनी ती काढणार नाही. ठरवा तुम्ही."

"सुरू करा," वच्छला म्हणाली.

रीळ फिरू लागलं. ढोलकी कडाडली, बेंजो तिच्यावर चढून वाजू लागला. वच्छलाचा आवाज गोधड्यांना धडकला.

"पानी तं पानी, त्याले जात कोनं देल्ली?"

पुढची ओळ आली आणि तिनं ओठ मिटले. माइकसमोर ताठ उभी राहून ती भावाकडं पाहू लागली. गोविंदाचा हात थांबला नाही.

इंद्रभान कधी गात नसे. त्याचा आवाज घोगरा. जयंतीच्या मांडवातही सगळे त्याला पेटीपुरतं ठेवत. त्यानं मान वर केली.

"पाटलाच्या हिरीवर तिची घागर फोडली!"

आवाज फाटला, पण शब्द न् शब्द ऐकू आला. वच्छलानं लगेच पुढची ओळ उचलली.

"दुसरी घेऊन आली मी, वाट नाई सोडली!"

शालिग्रामचा हात बटणापर्यंत गेला होता. तो तिथंच राहिला. गाणं संपल्यावर त्यानं यंत्र बंद केलं, कानांवरचे हेडफोन काढले.

"हे खरंच घडलंय?"

"माह्यासमोर," इंद्रभान म्हणाला.

शालिग्रामनं हेडफोन पुन्हा कानांवर चढवले. मग त्यानं रीळ मागं फिरवायला घेतलं.

"पुन्हा घ्यावं लागेल. ती ओळ बेसूर झाली."

"ओळ तेच राहीन?" वच्छलानं विचारलं.

"तीच. दुकानदारांचं मी बघतो. पण बाई, तुम्ही म्हणा."

वच्छलानं मान हलवली.

"नाई. हे ओळ आता त्याची हाय."

गोविंदानं ढोलकीच्या दोऱ्या ताणल्या. इंद्रभाननं घसा खाकरला आणि पेटी माइकच्या आणखी जवळ ओढली.