दंडावरची चिठ्ठी

मी चिठ्ठी बोलतेय. माझ्यावर आता एकही अक्षर उरलेलं नाही, म्हणून तर तोंडानं बोलायची पाळी आली. खरं तर चिठ्ठीनं गप्प असावं आणि लोकांनी तिला वाचावं, अशी जगाची रीत. माझ्या बाबतीत ती रीत कुणी पाळली नाही.

माझा जन्म एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीतला. अकोले तालुक्यात, डोंगराच्या अंगाला एक लहानसा दवाखाना होता. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्यांची रांग दाराबाहेर गेली होती. डॉक्टर नृसिंह खरवंडीकरांनी वहीतला एक कागद टरकावला, निळ्या शाईनं भराभर इंग्रजी लिहिलं, खाली तारखेचा शिक्का हाणला आणि मी झाले. खोटं कशाला बोलू, जन्मतःच मला थोडी शिष्टपणाची बाधा झाली. माझ्या बहिणी सगळ्या खोकल्याच्या आणि खरजेच्या. मी मात्र अर्धं पान भरून, इंग्रजीतली आणि थेट नगरच्या डॉक्टरांच्या नावची!

समोर तिघं बसली होती. सहादेव, त्याची बायको बनुबाई आणि त्यांची पंधरा वर्षांची झुंबर. डॉक्टर झुंबरला विचारत होते आणि उत्तरं बनुबाई देत होती.

"दिवाळीपासनं अशीच हाय बघा. जेवत न्हाई, निजत न्हाई. साळा सोडली. धरनाच्या पान्यातून कुनीतरी नाव घिऊन हाक मारतंय म्हनती."

झुंबर खाली मान घालून अंगठ्यानं जमीन टोकरत होती. डॉक्टरांनी माझ्यावर लिहिलं होतं, की या मुलीला मनाचा आजार आहे, तो औषधानं आटोक्यात येतो, पण तिच्या जिवाला धोका आहे, तेव्हा लगेच उपचार सुरू करावेत. हे सगळं मला पाठ होतं. त्या तिघांना मात्र डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "घाबरू नका. नगरला जा, सावेडीत मनाच्या दुखण्याच्या शोभा डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना भेटा. आणि ही चिठ्ठी जिवापाड जपा. पोरीसोबतच ठेवा. तिचा इलाज हिच्यातच आहे." लगेच त्यांनी पुढच्या माणसाला आत घेतलं. पावसाळ्याआधी त्यांची बदलीही झाली.

घरी परतताना सहादेवनं बायकोला बजावलं, "येड्यांच्या डाक्टरकडं पाठवलंय आपल्याला. ही चिठ्ठी गुरुजीला वाचाया देऊ नगं. आज त्यो वाचील, उद्या पावन्यारावळ्यात जाईल. मग कोन करील पोर?"

"पर नगरला जायाचं न्हवं?"

"जाऊ की. जरा सवड हुं दे."

बनुबाई दोन दिवस मला पदराच्या गाठीत घेऊन फिरली. तिसऱ्या दिवशी ती राजूरच्या बाजारात आसाराम सोनाराकडं गेली आणि तिनं चांदीची एक लहानशी पेटी करून घेतली. माझ्या आठ घड्या घालून मला आत कोंबलं, तोंड लाखेनं बंद केलं आणि काळ्या दोऱ्यात ओवून पेटी झुंबरच्या डाव्या दंडावर बांधली. त्या भागात देवाची अक्षरं अशीच बांधतात. मग डॉक्टरची का नकोत? कुणी वाचायला नको, पोरीपासून सुटायलाही नको. तिला अडाणी म्हणू नका. डॉक्टर जे म्हणाले ते तिनं शब्दाला शब्द पाळलं होतं.

आणि नेमकं काय व्हावं? त्या आठवड्यात झुंबरनं रोज अर्धी भाकरी जास्त खाल्ली. झालं! बनुबाईनं पेटीला हात लावून कपाळाला लावला. आतल्या आत मी ओरडत होते, "अगं बाई, मी गुण देणारी नव्हे, मी फक्त वाट सांगणारी!" पण लाखेच्या बुचातून चिठ्ठीचा आवाज कुणाला जायचा?

पेटीत डोळ्यांना काम नव्हतं, कान मात्र उघडे होते; जे दिसलं नाही ते मी लोकांच्या बोलण्यातून जुळवलं. दंडावर राहून मला झुंबरचं जितकं कळलं, तितकं तिच्या आईबापालाही कळलं नसेल. कुणी जरा मोठ्यानं बोललं तरी तिची नाडी पळत सुटायची. एकटी असली की ती पुटपुटायची, "मी येत न्हाई. मला बलावू नगंस." हे ऐकणारी मी एकटीच होते.

नगरची सवड काही होईना. उन्हाळ्यात लग्नसराई आली. मग भाताची आवणी उरकू दे, मग कापणी होऊ दे. माणसाला पोटात दुखलं की तो त्याच दिवशी गाडी धरतो, मनाचं दुखणं मात्र हंगाम बघून काढतो.

दुसऱ्या वर्षी पाहुणे झुंबरला बघायला आले. ती पाटावर बसली. विचारलेल्या एकाही गोष्टीला तिनं उत्तर दिलं नाही. पाहुण्यांतली एक म्हातारी खूष होऊन म्हणाली, "पोर गुनाची हाय. वर मान सुदिक करीत न्हाई!" मी दंडावर बसून ऐकलं आणि मला रडू फुटलं. आजाराला गुण म्हणून पसंत करणारी माणसं मी त्या दिवशी ऐकली.

"दंडावर काय हाय?" म्हातारीनं विचारलं.

"दृष्ट लागती तिला," बनुबाई म्हणाली.

सोयरीक ठरली आणि सहादेवनं नगरचं नाव टाकलं. "आता तर मुळीच न्हाई. कुनी गाडीत बघितलं तर सोयरीक मोडंल."

बहात्तरच्या जुलैत पावसानं डोळे वटारले होते. भंडारदऱ्याचं पाणी पार खाली गेलं होतं. एका दुपारी झुंबर घरातून निघाली. आधी मला वाटलं, सरपणाला चालली असेल. मग पायांखाली चिखलाचा आवाज आला. नाडी या वेळी पळत नव्हती. ती इतकी शांत होती, की मलाच भीती वाटली. "आले," ती म्हणाली. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, मग दंडाला. लाखेच्या भेगेतून ते माझ्यापर्यंत आलं. माझ्यावर जी शाई होती, जिनं 'लगेच' असं लिहिलं होतं, ती सुटायला लागली.

पाणी आटल्यामुळं चिखलातून लांबवर चालावं लागलं, तेवढ्यानंच ती वाचली. म्हशी घेऊन आलेल्या छबूबाईनं तिला पाहिलं. ती हाका मारत, पडत-धडपडत पाण्यात शिरली आणि झुंबरची वेणी धरून तिनं तिला ओढून काढलं.

गाव जमलं. सोयरीक त्याच आठवड्यात मोडली. सहादेव ओट्यावर डोकं धरून बसला होता. बनुबाई त्याच्यासमोर उभी राहिली. "मोडली ते बरं झालं. आता कुनापासून लपवायचं ऱ्हायलं न्हाई. उद्या पहिल्या गाडीनं मी नगरला चाललेय. तुमी आलाव तर या, न्हाई तर भाकरी बांधून द्या." सकाळी गाडीत सहादेव झुंबरशेजारी बसला होता. वाटेत ओळखीचं माणूस चढलं, तरी त्यानं तोंड फिरवलं नाही.

नगरच्या स्टँडवरून टांग्यानं सगळी सावेडीला आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुणाची चिठ्ठी आणलीय का?"

"आनलीय की!" बनुबाईच्या आवाजात मोठा विश्वास होता. तिनं झुंबरचा दंड पुढं केला. "डाक्टर म्हनले हुते पोरीसंगं ठेवा. एक दीस सोडली न्हाई बघा."

डॉक्टरीणबाईंनी कात्रीच्या टोकानं लाख उकरली आणि मला हळूहळू उलगडलं. मी नुसता निळसर लगदा झाले होते. शिक्क्याची शाई तेलकट, तेवढी तारीख टिकली होती. त्यांनी ती वाचली, बोटांवर महिने मोजले आणि चष्मा काढून ठेवला.

"दीड वर्ष," त्या म्हणाल्या.

"चुकलं का काय, बाई?" बनुबाईनं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी तो लगदा तिच्यासमोर धरला. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. तिनं पदर तोंडात कोंबला आणि ती हमसून हमसून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची झुंबरकडं ओढली. "झुंबर, हिच्यावर काय लिहिलं होतं ते आता कुणालाच वाचता येणार नाही. तूच सांगतेस का? मला घाई नाही."

झुंबरनं आईकडं पाहिलं. बनुबाईनं या वेळी तिच्या वतीनं उत्तर दिलं नाही. मग झुंबर म्हणाली, "मला मरायचं न्हवतं, बाई. त्यो लई बलावतो. मी लई थकले."

दीड वर्षात तिला कुणी विचारलंच नव्हतं.

जाताना डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची नवी चिठ्ठी दिली, या वेळी मराठीत. बनुबाईनं ती घेतली आणि सवयीनं तिची घडी घातली. मग दुसरी घातली. झुंबरनं ती तिच्या हातातून काढून घेतली, उलगडली आणि तशीच उघडी धरून औषधाच्या दुकानाकडं निघाली.

डॉक्टरीणबाईंनी मला वाळवून आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं, मी अजून तिथंच आहे. झुंबर महिन्याच्या महिन्याला येते. हाक थांबलेली नाही, पण लांबून येते म्हणते. एक महिना गोळ्या चुकल्या, तेव्हा फार हाल झाले. ती पुरती बरी होईल का, हे डॉक्टरीणबाईही छातीठोक सांगत नाहीत. आधी आली असती तर, एवढं त्या एकदाच बोलल्या आणि तेही बनुबाई बाहेर गेल्यावर.

तुमच्या घरात पेटीत, ट्रंकेत, देवाच्या तसबिरीमागं माझी एखादी बहीण असेल, तर तिला नमस्कार करू नका. आजच्या आज तिला बाहेर काढा आणि ज्याला वाचता येतं त्याच्या हातात द्या. लोक काय म्हणतील याची भीती मलाही कळते, मी ती दीड वर्ष अंगावर काढलीय. पण झुंबरच्या दंडावर काळ्या दोऱ्याचा पांढरा वळ अजून आहे, आणि दर खेपेला तिनं काचेवर हात ठेवला की तो माझ्या अगदी डोळ्यांसमोर येतो.